परतीची वाट : मराठी पायी-प्रवासलेखनातला बदललेला ‘मी’

दरवर्षी आषाढी वारीच्या आधी अंकलीहून माउलींचे अश्व आळंदीला निघतात. अंकली हे बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी भागातले कृष्णाकाठचे गाव, शितोळे सरदारांचे. घोडे ट्रकमधून नेत नाहीत, चालवत नेतात. मिरज, सांगली, मग सातारा जिल्हा, मग पुणे, असा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता. लोक दुतर्फा उभे राहतात, बाया औक्षण करतात, पोरे टापांखालची माती कपाळाला लावतात. मी लहानपणापासून हे पाहत आलो आहे. पण हे अश्व ज्या व्यवस्थेचा भाग आहेत ती बसवणारा माणूस आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातला, आरफळचा होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. परंपरा सांगते ती हकिकत अशी : कमाई घेऊन गावी परतताना सातपुड्यात वाटमाऱ्या टोळीने त्यांना धरले आणि गुहेत कोंडले. बाबांनी हरिपाठ चालू ठेवला. टोळीच्या नायकाला मुलगा झाला, त्या आनंदात त्याने सर्वांना सोडले. सुटल्यावर हैबतबाबा आरफळला गेले नाहीत, आळंदीला गेले आणि तिथलेच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले. दिंड्यांचा क्रम, भजनाची शिस्त, शितोळ्यांचे अश्व आणि तंबू, हे सगळे त्या काळातले. महाद्वारातली हैबतबाबांची पायरी आळंदीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

ही कथा अक्षरशः खरी मानायची की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मला तिच्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रवासाने बदललेल्या या माणसाने ‘मी बदललो’ असे लिहून ठेवलेले नाही. त्याचा बदल आपल्याला बाहेरून दिसतो, दुसऱ्यांनी चालावे म्हणून त्याने लावून दिलेल्या व्यवस्थेत. आज मराठीत पायी प्रवासाच्या पुस्तकांना तोटा नाही. वारी, नर्मदा परिक्रमा, गडकोटांच्या वाटा, हिमालय. त्यांतल्या बहुतेकांच्या शेवटी एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येते : निघालेला मी आणि पोचलेला मी एक नव्हतो. या वाक्याची परीक्षा कशी करायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एका मुलीचा प्रश्न

परीक्षेचे साधन आपल्याकडे पंच्याहत्तर वर्षांपासून आहे. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या १९४९ च्या संग्रहात ‘वाटचाल’ हा वारीवरचा निबंध आहे. पुढे तो इंग्रजीतही गेला आणि परदेशी अभ्यासकांच्या वारीविषयक लेखनात त्याचा उल्लेख होत राहिला. पंढरीला जाणारी माणसे जिथली, तो महाराष्ट्र, ही त्यातली व्याख्या आपण भाषणांतून इतकी वापरली आहे की उरलेला निबंध वाचायचे राहून गेले.

उरलेल्या निबंधात काय आहे? एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी दिवसभर एकत्र चालतात, एकच अभंग गातात आणि जेवायला वेगवेगळ्या पंगतींत बसतात. कर्वे बाईंना हे खुपते. त्या दुसऱ्या पंगतीत जाऊन जेवतात. त्यानंतर त्या बायका मोकळ्या होतात, हात धरून चालू लागतात, संसाराचे सांगतात, ताई म्हणतात, पुण्याला तुमच्याकडे येऊ म्हणतात. आणि मग त्यांतली एक तरुण मुलगी विचारते की, आम्ही आलो तर तेव्हाही आत्तासारख्याच वागाल का?

प्रश्न आपल्याला खोल लागला हे लेखिका सांगतात आणि तो मिटवून टाकत नाहीत. शास्त्रज्ञ म्हणून त्यांना जातींच्या पंगतींचे कोष्टक मांडता आले असते, भक्त म्हणून ‘वारीत सगळे एक’ असे म्हणून पुढे जाता आले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. माझ्या मते मराठी पायी-प्रवासलेखनातला हा सर्वांत कठीण प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर वाटेवर देताच येत नाही. ते द्यायला घरी परत यावे लागते आणि दार वाजण्याची वाट पाहावी लागते.

बघ्याचा प्रामाणिकपणा

या प्रश्नाच्या उजेडात दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) वाचावे. मोकाशी कथाकार, आणि पोटासाठी रेडिओ दुरुस्त करणारे. बंद पडलेल्या यंत्राशी कान लावून बसण्याची सवय असलेला हा माणूस वारीतही तसाच चालतो. कोण कुठून आले, घरी कोण आहे, का आलात, हे विचारत राहतो. त्याचे पाय दुखतात, पाऊस लागतो, शंका येतात. भक्तीचा पूर त्याला वाहून नेत नाही, आणि नेल्याचे सोंग तो करत नाही. फिलिप एंगब्लोम यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले ते उगाच नव्हे.

‘मोकाशी कोरडे राहिले’ असा आक्षेप मी एका वाचनालयातल्या चर्चेत ऐकला आहे. मी स्वतःही तो एकेकाळी घेत असे. आज मला तो उलटा वाटतो. ‘पालखी’त लेखक कमी आणि माणसे जास्त आहेत. बदललो असे न म्हणणाऱ्या लेखकाच्या पानावर दुसऱ्यांना जागा उरली आहे. चालण्याच्या पुस्तकातला ‘मी’ खरोखर लहान झाला की नाही, हे तो स्वतःला लहान म्हणतो का यावरून ठरत नाही. पुस्तक मिटल्यावर आपल्याला किती इतर माणसे आठवतात यावरून ठरते.

नर्मदेचे काठ

नर्मदा परिक्रमेचे लेखन हा आपल्याकडचा सर्वांत खपणारा प्रकार. सुमारे २६०० किलोमीटरचे अंतर, आणि शास्त्राप्रमाणे तीन वर्षे तीन महिने तेरा दिवस. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने ही वाट ललित लेखनात आणली. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने ती घराघरांत नेली. कुंट्यांची भाषा साधी, बिनधास्त. ज्यांनी आयुष्यात पुस्तक विकत घेतले नव्हते अशा लोकांना मी ते वाचताना पाहिले आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयांना लुटतात, हा या लेखनातला ठरलेला प्रसंग. अंगावरचे कपडेही जातात, आणि लेखक त्याला मैयाने घेतलेली परीक्षा मानतो. त्या क्षणी त्याचा अहंकार गळतो, हे मी खोटे म्हणणार नाही. पण लुटणारा कोण होता? त्याच्या घरात त्या दिवशी काय शिजले होते? त्याच डोंगरातली गावे पुढे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, ती कुणाची होती? बहुतेक पुस्तकांत लुटणारा हे एक साधन आहे. यात्रेकरूचा बदल घडवून तो झाडीत नाहीसा होतो. हैबतबाबांच्या कथेतल्या टोळीलाही नाव नाही. दोन शतके आपण सातपुड्यातल्या माणसांकडून आपले परिवर्तन करून घेतो आहोत आणि त्यांची नावे विचारलेली नाहीत.

याला अपवाद आहे. भारती ठाकूर यांनी परिक्रमा केली, ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ लिहिले, आणि काही वर्षांनी नोकरी सोडून त्या निमाडात नर्मदेच्या काठी राहायला गेल्या. वाटेत दिसलेल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. पुस्तकाच्या नावात अंतर्यात्रा आहे, पण तिचा पुरावा पुस्तकाबाहेर आहे. प्रत्येकाने असे करावे असे मी म्हणत नाही. मात्र कर्व्यांच्या त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर कसे दिसते, हे इथे पाहायला मिळते.

अमेरिकेतली वाट

हा प्रकार केवळ आपला नाही. अमेरिकेत अर्ल शाफर नावाचा तरुण दुसऱ्या महायुद्धातून परतला आणि १९४८ मध्ये सुमारे ३५०० किलोमीटरची अपॅलेशियन वाट एका दमात चालून गेला. अंगात भरलेले युद्ध चालून बाहेर काढायचे, असा त्याचा हेतू होता. शेरिल स्ट्रेड यांनी आईच्या मृत्यूनंतर, मोडलेल्या लग्नानंतर, व्यसनाच्या काठावरून १९९५ मध्ये पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा मोठा टप्पा एकटीने चालला. त्यांचे ‘वाइल्ड’ हे पुस्तक जगभर गेले.

तिथली वाट निर्जन. माणूस, पाठीवरचे ओझे आणि डोंगर. तिथे ‘मी’ केंद्रस्थानी असणे समजू शकते. आपली वाट माणसांनी भरलेली. वारीत कुणीतरी भाकरी देते, परिक्रमेत कुणीतरी सदावर्त चालवते. म्हणून आपल्या लेखनाला वेगळी कसोटी लावणे भाग आहे. पण त्या दोघांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शाफरचे पुस्तक निघायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. स्ट्रेड यांचे पुस्तक चालल्यानंतर सतरा वर्षांनी, २०१२ मध्ये आले. बदल टिकला की विरला, हे कळायला मध्ये संसाराची वर्षे जावी लागतात. आपल्याकडे पायांचे फोड वाळायच्या आत हस्तलिखित तयार असते.

ज्यांना निघायचे नव्हते

आता त्याच वाटेवरचे दुसरे चालणे पाहू. नीरा ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, चांदोबाचा लिंब, तरडगाव, फलटण, बरड, आणि मग सोलापूर जिल्हा. याच फलटण तालुक्यातल्या निरगुडीचे लक्ष्मण माने. त्यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कैकाडी कुटुंब, गाढवांवर लादलेला संसार, टोपल्या-कणगी विणत या गावाहून त्या गावाला. ही पायपीट वर्षातून एकदाची नाही, ती संपतच नाही, कारण पोचायला घर नाही. गावाबाहेर पाल ठोकायलाही कुणाची तरी परवानगी लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अनेक भटक्या जमातींचे चालणे हाच संशय ठरवला होता. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून गेला.

‘उपरा’तला नायक बदलतो केव्हा? पाय थांबतात तेव्हा. बाप हट्टाने पोराला शाळेत घालतो तेव्हा. त्याच्यासाठी परिवर्तन म्हणजे एका जागी बसायला मिळणे.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचे शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनातही चालणे आहेच. तराळकीची पाळी म्हणजे गावाचा निरोप, सरकारी कागद घेऊन ऊनपावसात पायी जाणे. त्या चालण्याला कुणी साधना म्हटले नाही. शेजारच्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) शेवटी दुष्काळ पडतो आणि मेंढरे घेऊन वाडीच चालू लागते. ज्या मास्तराने वाडीला घडवायचे ठरवले होते त्याच्यासमोर ती रिकामी होते.

हे सगळे एका टोपलीत ठेवून मी एकदा निष्कर्ष काढला होता : ‘चालल्याने माणूस बदलतो’ हे वाक्य घर असलेल्यांचे आहे. निष्कर्ष टाळ्या घेणारा होता. पण तो अपुरा आहे, हे मला एका मेंढपाळाने सांगितले. ते सांगण्यासाठी मला स्वतःकडे यावे लागेल.

माझे दार

मी कारखान्यात फिटर होतो. शिक्षण दहावी आणि आयटीआय, बाकी सगळे वाचनालयाच्या कपाटांतून. २०१३ मध्ये वडील गेल्यावर मी लोणंदपासून वारीत चाललो. कुठल्या दिंडीत नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि माण तालुक्यातल्या एका जोडप्याने मला आपल्या ताडपत्रीखाली घेतले. माणूस साठीचा, मेंढपाळ. पंढरपूरपर्यंत मी त्यांच्यातच होतो. बाई पहाटे भाकरी थापायची आणि पहिली माझ्या हातावर ठेवायची. एकदा मी त्यांना म्हणालो, “तुम्ही तर वर्षभर चालता, मग आणखी हे कशाला?” ते म्हणाले, “मेंढरांमागं चालताना पाय मेंढरांचं आस्त्यात माउली. हितं पाय आपलं हायत.”

‘उपरा’ आणि ‘वाटचाल’ यांच्यामध्ये कुठेतरी हे वाक्य ठेवायला हवे. चालणे तेच, रस्ता तोच. फरक पडतो तो पाय कुणाचे यावर. वारीतला बहुसंख्य शेतकरी, मजूर, मेंढपाळ पंधरा-वीस दिवस स्वतःच्या इच्छेने चालतो, आणि त्यातले सुख घर असलेल्यांपुरते नाही. माझा टाळ्यांचा निष्कर्ष इथे मोडला.

परतल्यावर मी एका साप्ताहिकात लेख लिहिला. त्यात ताडपत्री होती, भाकरी होती, आणि शेवटी अर्थातच बदललेला मी होतो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी दार वाजले. तेच दोघे. बाईंना मिरजेला दवाखान्यात दाखवायला आणले होते, रिपोर्ट सकाळी मिळणार होते. “माउली, वळाकलं का? रातीपुरतं व्हरांड्यात पडू का?” मी पत्ता वारीत लिहून दिला होता, कधीही या म्हणालो होतो.

मी त्यांना आत घेतले नाही. व्हरांड्यातच खुर्च्या दिल्या. चहा आणला. आणि बोलता बोलता विचारले, “आडनाव काय म्हणालात आपलं?” वाटेत मी ते विचारले नव्हते. तिथे सगळेच माउली होते. मग मी म्हणालो की घरात पाहुणे आहेत, जागेची अडचण आहे. रिक्षा बोलावली, धर्मशाळेचा पत्ता दिला, पाचशेची नोट पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. “राम कृष्ण हरी” म्हणून निघाले. बाईंनी जाताना माझ्या बायकोच्या तब्येतीची चौकशी केली.

रिक्षा वळल्यावर बायकोने आतून विचारले, “पाहुणे कुठले?”

त्या रात्री मी ‘वाटचाल’ पुन्हा काढला. त्या मुलीचा प्रश्न मी याआधी निदान पाचसहा वेळा वाचला होता, त्याच्यावर बोललोही होतो. तो मलाच विचारलेला आहे हे मला कळले नव्हते. पुढच्या वर्षी लोणंदला, तरडगावला शोधले. माझ्याकडे त्यांचा पत्ता नव्हता. मी माझा दिला होता, त्यांचा मागितला नव्हता.

परतवारी

पालखी परत येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आषाढी पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की माउलींची पालखी पंढरपूरहून त्याच वाटेने आळंदीला निघते. जाताना अठरा-वीस दिवस लागतात, येताना दहाच्या आसपास. लाखो लोक एसटीने, ट्रकने घरी गेलेले असतात. सोबत उरतात थोडी माणसे. एका वर्षी मी त्यांच्याबरोबर फलटणपासून नीरेपर्यंत चाललो. चहाचे मंडप उठलेले, कॅमेरे नाहीत, फुगेवाले नाहीत. शेतात पेरणी झालेली, माणसे वाकून कामात. पालखी दिसली की कुणी कमरेवर हात देऊन उभे राहते, नमस्कार करते, पुन्हा वाकते. चाल मात्र भरभर असते. कुणाला कुठे पोचायची उत्सुकता नसते, तरी पाय उचलावे लागतात.

या वाटेवरचे पुस्तक मला सापडलेले नाही. आपली पायी-प्रवासाची पुस्तके कळस दिसला की संपतात, किंवा परिक्रमा पूर्ण झाल्यावर कढईच्या प्रसादाशी संपतात. बदलाचा दावा तिथेच केला जातो, जिथे तो करणे सर्वांत सोपे असते. त्या घटकेला लेखक खोटे बोलत नसतो. मीही माझ्या लेखात खोटे बोललो नव्हतो. पंढरपूरच्या वाळवंटात उभा होतो तेव्हा मी खरोखरच वेगळा माणूस होतो. तो माणूस सांगलीच्या बसमध्ये बसला आणि कुठेतरी वाटेत उतरून गेला. कुठे उतरला, हे मी पाहिले नाही, कारण ते लिहायचे असते हे मला कुणी सांगितले नव्हते.

म्हणून समीक्षकांनी या पुस्तकांना तीन साधे प्रश्न विचारावेत असे मला वाटते. वाटेत भेटलेल्यांची नावे पुस्तकात आहेत का? चालणाऱ्याचे पाय त्याचे स्वतःचे होते का, आणि ज्यांचे नव्हते त्यांच्याकडे त्याचे लक्ष गेले का? आणि घरी परतल्यानंतरचे एक तरी प्रकरण आहे का? कर्वे आणि मोकाशी या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतात, ‘उपरा’ दुसरा प्रश्न आपल्या पदरात टाकतो, आणि भारती ठाकूर तिसऱ्याचे उत्तर जगून देतात. उरलेल्यांना नापास करण्याचा मला अधिकार नाही. माझ्या स्वतःच्या लेखाला मात्र मी नापास केले आहे. त्याचे कात्रण ‘परिपूर्ती’च्या प्रतीत ठेवले आहे.

पुढच्या खोलीत आता एक जास्तीची गादी असते. मिरजेला दवाखान्यासाठी येणारे, आमच्या दोघांच्या ओळखीचे-बिनओळखीचे, तिच्यावर झोपून गेले आहेत. त्यांत ते दोघे नाहीत. आल्यागेल्याचा पत्ता लिहून घ्यायची वही बायकोने ठेवली आहे.